कुर्टींचा डेल

आमच्या रेडरिजमध्ये, कॅनडाच्या सीमेजवळच्या या थंड गावात, उन्हाळा कुणी मागितलेला नसतो. मार्चअखेरीला कॉलेजची आइस हॉकी टीम कुठल्यातरी परगावच्या बर्फाच्या रिंकवर हंगामातली शेवटची मॅच हरते (हरतेच, जिंकून घरी यायची सवय आमच्या पोरांना नाही) आणि तिथून ऑक्टोबरपर्यंत गावाला करमत नाही. लोक गवत कापतात, होड्यांना रंग देतात, डासांच्या नावानं बोटं मोडतात. सकाळी बेकरीत कॉफीला जमले की पुढच्या हंगामात कुठून कोणता पोरगा येणार याची चर्चा. कॅनडातल्या कुठल्याशा खेड्यातला अठरा वर्षांचा गोलकीपर, ज्याला यांच्यापैकी कुणी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, त्याच्या डाव्या गुडघ्यावरून जुने मित्र एकमेकांशी आठवडाभर अबोला धरतात. सुपीरियर सरोवरावरून गार वारा सुटला की कुणीतरी म्हणतं, "आला रे वास," आणि सगळे बर्फाच्या आठवणीनं खुलतात. तेव्हा जून चालू असतो.

वेस कुर्टी असल्या भांडणांत कधी सापडला नाही, कारण तो मुळात बोलतच नसे. बाप फिनलंडहून आलेल्यांपैकी, तांब्याच्या खाणीत राबून खाणीबरोबरच संपला. वेस रस्ते खात्यात लागला. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे, यात त्याचं आयुष्य गेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं आणि आयरीननं हंगामाची दोन तिकिटं काढली. कॉलेजच्या बँडच्या अगदी मागच्या जागा, कानठळ्या बसतात म्हणून स्वस्त. त्या जागा त्यांनी पुढे कधी सोडल्या नाहीत. दरवर्षी उन्हाळ्यात पैसे भरायचे आणि ऑक्टोबरात जाऊन आपापल्या ठिकाणी बसायचं.

तिथे दोघांच्या वाटचं आयरीन बोलायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, पोरांना दटावून घसा तयार झालेला. रेफरीनं चुकीची शिट्टी फुंकली की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. पुढच्या रांगेत लूथरन चर्चचे पाद्री बसत. ते मान खाली घालून शेंगदाणे सोलत राहायचे आणि ती थांबली की मागे वळून म्हणायचे, "आयरीन, माझ्या वाटचंही बोललीस बघ. उपकार झाले."

ऑक्टोबरपर्यंतचा वेळ काढायचा म्हणून चौघांनी एक खेळ काढला होता. चौघं म्हणजे वेस, आयरीन, आल्डो पास्क्वाली आणि शेजारची डोना ट्रेलोअर. आल्डो गावचा न्हावी, अर्ध्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. त्याला जुनी खोड होती. टीमची प्रत्येक मॅच तो रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घ्यायचा, मधल्या जाहिरातींसकट. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी वेसच्या परसातली सौना, फिनिश लोकांची ती लाकडी गरम खोली, तापायची. घाम काढून, अंगावर गार पाणी घेऊन सगळे मागच्या ओसरीवर बसले की आल्डो बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पुढे करायचा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कॅसेटी. वर नाव नाही, तारीख नाही. ज्याची पाळी त्यानं डोळे मिटून एक उचलायची, ती लावायची, आणि मॅच आत्ता चालू आहे असं समजून ऐकायची. आठवत असलं तरी निकाल बोलायचा नाही. जो बोलेल त्यानं पुढच्या शनिवारची लाकडं फोडायची. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रेफरीला ही म्हातारी माणसं शिव्या घालायची, कधीच बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाची जाहिरात लागली की कोरसमध्ये गायची, आणि मॅच हरली की खरोखर तोंड पाडून घरी जायची. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

डब्यात येत नसत त्या फक्त तीन हंगामांच्या कॅसेटी. त्या आल्डोनं वेगळ्या खोक्यात भरून तळघरात ठेवल्या होत्या आणि त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या हंगामांत वेस आणि आयरीनचा डेल खेळत होता.

आमच्या टीममध्ये खेळणारी पोरं लांबून येतात. गावचा पोरगा टीममध्ये घेतला जाणं ही कित्येक वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट. डेलला घेतलं तेव्हा बेकरीवाल्यानं सकाळची कॉफी फुकट पाजली होती. पोरगा काही फार मोठा खेळाडू नव्हता. चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत खेळायचा, अंगानं बारीक, पण खेळातल्या रबरी चकतीच्या मागे असा धावायचा की जणू ती त्याच्या घरून चोरीला गेली आहे. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या बड्या विद्यापीठाच्या टीमला त्यांच्याच रिंकवर आपल्या टीमनं हरवलं, आणि जिंकून देणारा गोल डेलनं केला. आयरीननं तो स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. वेसनं ट्रकमध्ये ऐकला, कारण त्या रात्री वादळ होतं आणि तो कामावर होता. पहाटे टीमची बस हद्दीवर आली तेव्हा वेसचा ट्रक तिथे उभा होता. तो पुढे बर्फ बाजूला सारत आणि बस मागे, असं त्यानं पोराला घरी आणलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं आपणहून चारचौघांत सांगितली असेल.

त्याच वर्षी जुलैत डेल मासेमारीला सरोवरात गेला. दुपारी वारा फिरला. सुपीरियरचं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं असतं, त्यात पोहणारा आणि न पोहणारा सारखाच. दुसऱ्या दिवशी तो सापडला. मातीच्या दुसऱ्या दिवशी वेस खड्डे बुजवायला कामावर हजर झाला. आयरीन स्वयंपाकघरात रडायची आणि तो गॅरेजमध्ये काही ना काही ठोकत बसायचा. मधल्या दारातून कुणी कुणाकडे गेलं नाही. ऑक्टोबरात गावाला वाटलं होतं, ही दोघं आता यायची नाहीत. ती आली, आपल्या जागांवर बसली. आल्डोनं थर्मासचं झाकण भरून कॉफी पुढे केली, वेसनं घेतली, आणि बँड सुरू झाला.

त्याला तीस वर्षं होऊन गेली.

आयरीनचं बिघडतंय हे पहिल्यांदा कळलं तेही रिंकवरच. तीन हिवाळ्यांपूर्वी समोरच्या टीमनं गोल केला आणि ही टाळ्या पिटत उभी राहिली. बँडमधली पोरं हसली, त्यांना वाटलं आजी चिडवतायत. वेस हसला नाही. त्यानं तिचा कोट धरून हळूच तिला खाली बसवलं. त्यानंतर एकेक करत सगळं गळत गेलं. शाळा, शेजारी, पाकक्रिया, महिन्यांची नावं. वेसला ती कधीकधी कार्ल म्हणायची, ते तिच्या मेलेल्या भावाचं नाव. बोलणंही आटलं. जिच्यापुढे रेफरी चळचळा कापायचे ती दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहायला लागली.

शनिवारी मात्र ती ओसरीवर येऊन बसायची. तिघं निकाल माहीत नसल्याचं सोंग करायची. तिला सोंगाची गरज उरली नव्हती, तिला प्रत्येक मॅच नवी होती. आल्डो एकदा डोनाला म्हणाला, "आपल्यात खरी मजा हीच घेतेय," आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

यंदा वसंतात बर्फ वितळून आल्डोच्या तळघरात पाणी शिरलं. मुलगी मदतीला आली. गुणाची पोर, सगळी खोकी वर आणली, कॅसेटी पुसल्या, वाळवल्या आणि बाप कसं करतो ते लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे एकूण एक कॅसेट नव्या वर्तमानपत्रात गुंडाळून एकाच जागी रचून ठेवली. आल्डोला ते ठाऊक नव्हतं. जूनमधल्या एका शनिवारी पाळी डोनाची होती. तिनं डोळे मिटले, डब्यात हात घातला.

मॅच परगावची होती एवढं आवाजावरून कळलं. बरीचशी निघून गेली तरी कुणाला शंका आली नाही. आल्डो खिमा-बटाटा भरलेल्या पास्टीचा घास तोंडात घेत होता, डोना आयरीनच्या मांडीवर शाल नीट करत होती. तेवढ्यात समालोचक, तो बिचाराही जाऊन आता किती वर्षं झाली, ओरडला, "चकती कुर्टीकडे!"

आल्डोचा घास तसाच राहिला. तो बटण दाबायला झेपावला.

"हात काढ!" आयरीन कडाडली. "हात काढ आधी, आल्डो! माझा पोरगा खेळतोय तिकडे!"

कित्येक आठवड्यांत ती एवढं बोलली नव्हती. आल्डोचं नाव तर तिनं वर्षभरात घेतलं नव्हतं. आल्डोनं वेसकडे पाहिलं. वेस हातातल्या मगकडे बघत होता. त्यानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते आल्डोला कळेना, आणि कॅसेट चालू राहिली.

मग आयरीननं ती मॅच खेळली म्हणा ना. उभी राहिली, रेफरीचा उद्धार केला, समोरच्या गोलकीपरला चाळणी म्हणाली. शेवटी डेलनं गोल केला तेव्हा तिनं डोनाला मिठी मारून गदागदा हलवलं. "ऐकलंस? ऐकलंस का गं? चौथ्या फळीत ठेवतो मेला कोच! आता कळेल त्याला!" तिच्या गालांवर रंग आला होता. वेस बायकोकडे नुसता बघत राहिला. त्याला ती कित्येक वर्षांनी भेटत होती.

आल्डो आणि डोना लवकर उठले. जाताना फाटकापाशी आल्डो म्हणाला, "चूक झाली, वेस. पोरीनं सगळं एकत्र केलंय. उद्या वेगळं काढतो."

"ही राहू दे इथे," वेस म्हणाला.

तो आत आला तेव्हा आयरीननं ओव्हन लावलं होतं आणि उरलेली पास्टी गरम करायला ठेवली होती. टेबलावर एक ताट, काटा, सुरी, दुधाचा पेला. ती खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होती. बाहेर अजून लख्ख उजेड होता, जूनमध्ये आमच्याकडे दिवस मावळायचं नाव घेत नाही.

"बसला उशीर झाला," ती म्हणाली.

वेस दारात उभा होता. तीस वर्षांत जे वाक्य त्यानं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं ते आता कुठून काढायचं? तोंडातून भलतंच निघून गेलं. "रस्त्यावर बर्फ आहे. बस हळू येतेय."

आयरीननं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की जणू गावातला सगळ्यात मोठा मूर्ख तिच्या पुढ्यात उभा आहे. "मग तू घरात काय करतोयस? जा ना ट्रक घेऊन! पोरं तिकडे अडकलीत आणि हा इथे मोजे घालून उभा!"

बाहेर लायलॅकची जांभळी फुलं फुलली होती. वेसनं खुंटीवरचा जाड कोट काढला, अंगात चढवला. बूट घातले, कानटोपी घातली. "जातो," म्हणाला आणि गॅरेजमध्ये जाऊन बंद मोटारीत स्टिअरिंगमागे बसला. घामानं निथळत तो तिथे बराच वेळ बसून होता. परत आला तेव्हा ती खुर्चीत झोपली होती. त्यानं ओव्हन बंद केलं आणि ताट उचलून ठेवलं.

सकाळी तिला काही आठवत नव्हतं. हे सगळं इथेच थांबू शकलं असतं. पण पुढच्या शनिवारी आल्डोनं डबा पुढे केला तेव्हा वेसनं खिशातून तीच कॅसेट काढली. त्याच्या पुढच्याही शनिवारी तीच. आल्डो कुरकुरला, पण आयरीनचा चेहरा बघून गप्प बसला. प्रत्येक वेळी ती तशीच उसळायची, तशीच हसायची, आणि मॅच संपली की ताट मांडून खिडकीशी बसायची. प्रत्येक वेळी वेस कोट चढवून गॅरेजमध्ये जायचा. यात आयरीनचं सुख होतं हे खरं. पण वेसचंही होतं, आणि ते तो कुणाला सांगू शकत नव्हता. आपल्या घरात कुणीतरी डेलची वाट बघतंय, ओव्हनमध्ये त्याचं जेवण आहे, आणि आपण त्याला आणायला निघालोय. त्या बंद मोटारीत बसून एकदा त्यानं चक्क किल्ली फिरवली होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला डोना शिडी मागायला म्हणून गॅरेजमध्ये शिरली आणि तिला तो दिसला. भर उन्हाळ्यात जाड कोट, कानटोपी आणि लाल झालेले डोळे. डोनाच्या जिभेला हाड नाही हे सगळं गाव जाणतं, पण त्या वेळी ती आधी काहीच बोलली नाही. मोटारीचं दुसरं दार उघडून शेजारी येऊन बसली.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही."

"वेस, मी तुम्हा दोघांची शेजारीण आहे, देवानं मला डोळे दिलेत. तू तिला दर शनिवारी पोराची वाट बघायला बसवतोस."

"तिला तो आठवतो, डोना. माझं नाव आठवत नाही, त्याचं आठवतं."

"आणि तो येत नाही. दर शनिवारी येत नाही. सकाळी विसरते म्हणून काय झालं? त्या खिडकीत बसलेली असते तेव्हा तर ती वाट बघतच असते ना? जीव तुटतो रे वाट बघताना. कितीही थोडा वेळ असला तरी."

डोनानं त्याच्या डोक्यावरची कानटोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "सांग तिला. आई आहे ती. तिला माहीत असायला नको?" दार उघडून उतरता उतरता तिला राहवलं नाही. "आणि हा कोट धू. वास मारतोय."

तो शनिवार तसाच गेला. पुढच्या शनिवारी मॅच संपली, पाहुणे गेले, ताट मांडलं गेलं. आयरीन खिडकीतून म्हणाली, "अजून इथेच? जा ना रे, रस्ता मोकळा कर."

वेसनं कोट घेतला नाही. लहान स्टूल ओढून तिच्या पायाशी बसला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. हे त्यानं शेवटचं कधी केलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आयरीन, डेल यायचा नाही."

"का? कोचनं ठेवून घेतलं?"

"डेल गेला गं. बुडाला. सरोवरात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा जो मोडला तो बघवेना. ओरडली नाही. तोंड उघडून श्वास घ्यायला बघत होती आणि श्वास आत जात नव्हता. वेसला वाटलं आपण हिला मारून टाकलं.

"कधी?" तिनं कसंबसं विचारलं.

"झाली पुष्कळ वर्षं. त्याच उन्हाळ्यात. हा गोल केला ना, त्याच उन्हाळ्यात."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला माहीत होतं. मातीच्या वेळी त्याचे कपडे तूच काढून दिलेस. निळा शर्ट. इस्त्री करून दिलास."

"निळा," ती म्हणाली. तो शर्ट तिला आठवला असावा, कारण तेव्हा तिला रडू फुटलं. वेस तिचे हात धरून बसला होता. रडता रडता तिनं मधेच मान वर केली. "तू रडलास का तेव्हा?"

"नाही."

"का रे?"

"खड्ड्यांचं काम निघालं होतं," तो म्हणाला.

आयरीननं हात सोडवून घेतले, त्याचं टक्कल पडलेलं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि ते थोपटायला लागली. मग वेस कुर्टी रडला. सत्तरी उलटून गेलेला माणूस, पोर मेल्यावर डोळ्यातून टिपूस न काढलेला, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होती. एकमेकांना धरून रडायला त्यांना तीस वर्षं लागली होती. ओव्हनमधली पास्टी करपून घरभर धूर झाला तेव्हा कुठे दोघं उठली, आणि त्यानं खिडक्या उघडल्या.

सकाळी ती न्याहारीला बसली तेव्हा त्याच्याकडे टक लावून बघत होती. "तुझे डोळे का सुजलेत?"

"धूर झाला होता काल."

"ओव्हनकडे लक्ष ठेवत जा, कार्ल," ती म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली.

वेसला त्या दिवसापासून हलकं वाटायला लागलं. बेकरीत येऊन बसायचा, त्या कॅनडातल्या गोलकीपरच्या गुडघ्याबद्दल मतही द्यायचा. लोक चकित झाले. एक दिवस तर त्यानं आल्डोच्या खुर्चीत केस कापून घेताना डेल लहानपणी स्केट्स घालूनच झोपायचा ती गोष्ट सांगितली. आल्डोची कात्री थांबली, पण त्यानं मागून नुसतं "हूं" म्हटलं आणि पुढे कापायला लागला. कॅसेट मात्र वेसनं कपाटात ठेवून दिली होती. शनिवारी पुन्हा डब्यातल्या मॅची सुरू झाल्या.

आयरीन त्या ऐकत होती की नाही कळत नव्हतं. सप्टेंबरात ती झपाट्यानं उतरली. घास भरवावा लागायचा. ओसरीवर आणून बसवलं की बसायची, उचलून आत नेलं की जायची. मेपलची पानं लाल झाली, हंगामाची तिकिटं पोस्टानं आली. वेसनं नेहमीसारखी दोन घेतली होती. मुलीसारखी माया करणारी एक नर्स यायची, ती म्हणाली, "काका, रिंकवर नका हं नेऊ त्यांना आता." वेस म्हणाला, "बघू."

हंगाम सुरू व्हायच्या आधीचा तो शेवटचा शनिवार. गारठा होता, म्हणून ओसरीऐवजी सगळे स्वयंपाकघरात बसले. आल्डोनं डबा पुढे केला. पाळी वेसची होती. तो उठून आत गेला आणि कपाटातली कॅसेट घेऊन आला.

"नको, वेस," आल्डो म्हणाला.

डोना म्हणाली, "आपलं बोलणं झालं होतं ना?"

"मी खोटं नाही सांगणार," वेस म्हणाला. "ती विचारेल तेव्हा सांगेन. जसं आहे तसं. बसेन तिच्याजवळ."

त्याच्या मनात काय होतं ते दोघांनाही कळलं. तिनं पुन्हा एकदा डेलला ओळखावं, पुन्हा एकदा विचारावं. मग तो सांगेल आणि ती रडेल, आणि तोही रडेल. या जगात डेलसाठी त्याच्याबरोबर रडणारं दुसरं माणूस नव्हतं. तिला दुःख व्हावं अशी इच्छा धरतो आहोत हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. तरी त्यानं कॅसेट लावली.

मॅच चालू झाली. समालोचक नेहमीच्या जोशात होता. आयरीन शाल पांघरून बसली होती, हात मांडीवर. वेसनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. पहिल्यांदा कुर्टीचं नाव आलं तेव्हा ती हलली नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हाही नाही. वेसनं आवाज थोडा वाढवला. मग तो शेवटचा भाग आला, लोकांचा गलका वाढत गेला, समालोचकाचा आवाज चिरकला, आणि डेलनं गोल केला.

आयरीननं मान वर केली. तिच्या ओठांवर हसू आलं. वेस पुढे झुकला, त्यानं तिचा हात धरला.

"चांगला खेळतो हा," आयरीन म्हणाली. "कुणाचा मुलगा?"

आल्डो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. डोनानं तोंडाला पदरासारखी आपली शाल लावली.

"आपल्या गावातलाच आहे," वेस म्हणाला.

"आईबाप येतात का त्याचे, मॅच बघायला?"

"येतात ना. एक मॅच चुकवत नाहीत."

"मग झालं," आयरीन म्हणाली, आणि कौतुकानं टाळ्या वाजवायला लागली. वेसही तिच्याबरोबर वाजवू लागला.